पिंटू, लसीसाठी नावं टाकण्याआधी हे वाच

सोलापूर, २३ मे २०२१

चि. पिंटूस अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर तू म्हणालास की आई, सगळ्यांच्या आधारचे फोटो पाठव, मी पुण्यातून बसल्या बसल्या एका दमात सगळ्यांचं कोरोनाच्या लसीचं बुकिंग करून टाकतो. ऐकून खूप बरं वाटलं रे. तुझा स्वतःचा नंबर अजून लागलेला नाही, १८ ते ४४ वयाच्यांचं लसीकरण राज्यानं सध्या थांबवलंय, तरी तुला म्हाताऱ्या माणसांचं सुचलं. पण फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, मध्येच तुझी मीटिंग लागते, म्हणून लिहूनच काढते. लांबलं तरी सगळं वाच आणि मगच नावं टाक.

पहिली गोष्ट, एका दमात करू नकोस. एका मोबाईल नंबरवर चार नावं बसतात आणि आपली माणसंही चारच आहेत, थोरल्या काकू, मावशीआजी, अण्णामामा आणि अव्वा, त्यामुळे तुला वाटणार की झालं, चौघांना एकदम आत घालू. पण चौघांचं चार तऱ्हेचं आहे. काकूंचा आणि मावशीआजीचा पहिला डोस झालाय, म्हणजे त्यांची नोंद आधीच कुठल्यातरी नंबरवर आहे. त्यांना तू नव्यानं तुझ्या नंबरवर टाकलंस तर कोविनच्या, म्हणजे त्या लसनोंदणीच्या सरकारी साईटच्या, हिशोबी ती नवीनच माणसं होणार, दुसरी सुई टोचून घेऊनही परत पहिल्याच डोसचं सर्टिफिकेट येणार. असं झालेली माणसं आहेत, दोन्ही डोस घेतलेत पण कागदावर दोनदा पहिलाच, आणि ते दुरुस्त करून घ्यायला म्हाताऱ्या माणसानं कुणाच्या पायऱ्या चढायच्या? म्हणून ज्या नंबरवर पहिला, त्याच नंबरवर दुसरा, हे पक्कं धर.

आता मावशीआजी. तिनं १० मार्चला कोविशिल्ड घेतली, केंद्रावरच जाऊन नाव दिलं होतं आणि नंबर दिला तिच्या त्या बटणाच्या फोनचा. म्हणजे तू पुण्यात कोविन उघडणार, तिचा नंबर टाकणार आणि ओटीपी जाणार इथं सोलापुरात, बाळीवेशीत तिच्या फोनवर. तो ओटीपी तीनच मिनिटं चालतो. तिला आकडे वाचता येतात पण मेसेज इंग्रजीत, आणि तू तिला त्याच फोनवर कॉल करून विचारायला लागलास तर तिला फोन कानाचा काढून मेसेज उघडता येत नाही, कॉलच कट होतो. फोन लावायचा, कट व्हायचा, परत लावायचा, तोवर तीन मिनिटं संपलेली, आणि ती बिचारी म्हणते मला काय समजंना बघ, राहू दे. तिला हे राहू दे म्हणायची वेळ आणायची नाही. तिच्या शेजारी जी कॉलेजला जाणारी मुलगी आहे तिचा नंबर मी तुला वेगळा पाठवते. आधी त्या मुलीला विचार की तू कधी मोकळी आहेस, मग तिच्या फोनवर तू बोल आणि मावशीआजीचा फोन त्या मुलीच्या हातात असू दे. मेसेज आला की ती सहा आकडे सांगेल, तू टाक. आणि मावशीआजीला आधीच बजावून ठेव की ओटीपी हा पिंटूलाच सांगायचा आणि तोसुद्धा पिंटूनं स्वतः फोन केला असेल तरच. लसीची नोंदणी करतो म्हणून फोन करून आधार नंबर नि ओटीपी मागणारे चोर सध्या लई झालेत. नोंदणीला एक पैसा लागत नाही, सरकारी केंद्रावर लसही फुकट, हे तिला स्पष्ट सांग.

तिचं दुसरं दुखणं वेगळंच आहे. ती या महिन्याच्या सुरुवातीला दुसऱ्या डोसला जाऊन आली, तेव्हा लस संपलेली. मग १३ तारखेला सरकारनं कोविशिल्डचं अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे केलं. तेव्हापासून ती रोज मला विचारते की अगं माझा पहिला वाया गेला का, आता परत पहिल्यापासून घ्यायचा का? मी सांगून दमले, तिला माझं पटत नाही, तू शिकलेला म्हणून तुझं पटेल. तिला सांग की काही वाया गेलेलं नाही, आधी ४ ते ६ आठवडे होतं, मार्चमध्ये ६ ते ८ केलं, आता १२ ते १६. तिचे १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस, २ जूनला भरतात आणि ३० जूनपर्यंत मुदत आहे. या तारखा तिला तोंडी सांगून सोडू नकोस, ती कॅलेंडरवर पेननं गोल करते, गोल करेपर्यंत फोन धरून थांब.

थोरल्या काकूंचं उलटं आहे. त्यांना मिळाली कोव्हॅक्सिन, २८ एप्रिलला. कोव्हॅक्सिनचं अंतर बदललेलं नाही, ४ ते ६ आठवडेच आहे, म्हणजे २६ मे ते ९ जून. बातम्यांमध्ये सगळीकडे ८४ दिवस ८४ दिवस चाललंय ते ऐकून काकू निवांत बसल्यात की माझं काय आता जुलैत. त्यांना निवांत राहू देऊ नकोस. आणि स्लॉट बघताना लसीचं नाव बघ, केंद्र मोकळं दिसलं म्हणून कोविशिल्डच्या केंद्रावर घालशील, पहिली जी घेतली तीच दुसरी लागते.

काकूंची नोंद तुझ्या चुलतभावाच्या नंबरवर आहे, मुंबईच्या. त्याचं काय झालं होतं ते तुला माहीत असावं म्हणून सांगते, त्याला बोल लावायला नाही, त्यानंही जीव तोडूनच केलं होतं. त्यानं जिल्हा निवडला सोलापूर, कुठेतरी जागा हिरवी दिसली, पटकन बुक केलं आणि काकूंना व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकला. काकू व्हॉट्सॲप उघडतात कधी? तुझ्या बाबांनी संध्याकाळी सहज बघितलं तर केंद्र बार्शीकडच्या एका गावातलं, इथून ७० किलोमीटर. जिल्हा आपलाच, पण एवढ्या उन्हात, गाड्या बंद असताना, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईनं तिथं जायचं कसं? ती वेळ तशीच गेली आणि कुणा गरजवंताची जागा अडली ती वेगळीच. काकूंनी कुणाला एक शब्द बोलून दाखवला नाही पण त्या मनातून खट्टू झाल्या, म्हणाल्या मला कुणी विचारलंच नाही गं कधी जमतंय, कुठं जमतंय.

पिंटू, माझं सगळं सांगणं हेच आहे. बुक करायच्या आधी त्या माणसाला विचार. जागा दोन मिनिटांत जातात हे मला कळतं, त्या वेळी विचारत बसायला वेळ नसतो, म्हणूनच आधी विचारून ठेव. कुठल्या दिवशी चालेल, कोण घेऊन जाणार, किती लांब झेपेल, हे एका कागदावर प्रत्येकाच्या नावापुढं लिहून ठेवलंस तर जागा दिसली की तुला त्याच्या वतीनं हो म्हणता येईल. जिल्ह्यानं शोधू नकोस, पिनकोडनं शोध, ४१३००१, ४१३००२ असे शहराचे पिनकोड एकेक टाकून बघ. वेळ ९ ते ११ चीच घे. ११ नंतरची घेतलीस तर मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात ती माणसं मांडवाखाली बसणार, आणि त्यातल्या दोघींना शुगर आहे. नऊची मिळत नसेल तर दुसऱ्या दिवशी बघ, एक दिवस उशीर चालेल. केंद्र नक्की झालं की मला कळव, बाबा आदल्या दिवशी स्कूटरवर जाऊन बघून येतील की जिने किती आहेत, बसायला खुर्च्या आहेत का.

अण्णामामांचं तर अजून बुकच करायचं नाहीये. ते २४ एप्रिलला बरे होऊन घरी आले, आणि १९ तारखेला सरकारचं जे नवीन आलंय त्यात कोरोना होऊन गेलेल्यांनी बरं झाल्यावर तीन महिन्यांनी घ्यायची असं आहे, म्हणजे त्यांचं जुलैच्या शेवटी. पण हे त्यांना तू स्वतः सांग. सगळ्यांची नावं लागली आणि आपलं नाही असं त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर मनाला लावून घेतील, ऑक्सिजनवर काढलेल्या दिवसांपासून फार हळवे झालेत. त्यांचं सगळं आयुष्य मिलच्या भोंग्यावर गेलं, त्यामुळे तारीख नि वेळ ठरवून दिली की त्यांना धीर येतो. मामा, २४ जुलैनंतर तुमचा नंबर, मी ध्यानात ठेवलंय, एवढं म्हण, आणि खरंच ध्यानात ठेव.

राहिली अव्वा. ती नात्याची नाही, पण तुझी शाळा सुटली की मी येईपर्यंत तू साखरपेठेत तिच्याच उंबऱ्यावर बसायचास, ती विड्यांसाठी तेंदूच्या पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं पानं कापायची आणि उरलेल्या तुकड्यांशी तू खेळायचास. आता ती कुंभारीला विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, असते. तिनं एकही डोस घेतलेला नाही. तिचं नाव मात्र तुझ्या नंबरवर टाक, तिच्या घरात एकच फोन आहे आणि तो लेक कामाला घेऊन जातो.

लोक म्हणतात अव्वासारख्या बायका अडाणी, अफवांना भितात. मी तिच्याशी बोलले, तिची भीती अगदी साधी आहे. सुई घेतली की एखाददोन दिवस ताप येतो, अंग दुखतं, बोटं चालत नाहीत, आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. दोन दिवस विड्या वळल्या नाहीत तर त्या दोन दिवसांचे पैसे गेले, यंत्रमाग बंद म्हणून लेकाचाही पगार नाही. तिला लसीचं महत्त्व पटवत बसू नकोस, ते तिला पटलेलं आहे, शेजारच्या दोन बाया तिच्या डोळ्यांसमोर गेल्या. तिला एवढंच विचार की कारखान्यात माल द्यायचा दिवस कुठला, आणि माल देऊन झाल्याच्या दुसऱ्या दिवशीचा स्लॉट बघ. त्या दोन दिवसांचं किराणा सामान बाबा पोचवतील, ते आमचं ठरलंय, तू पैसे पाठवू नकोस. ती घाबरली की मराठी सोडून तेलुगूत बोलायला लागते, तेव्हा घाई करू नकोस, थांब जरा, परत मराठीत येते.

तिचं नाव आधारवर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर टाक, मतदार कार्डावर वेगळं आहे. आणि जे कार्ड नोंदवशील तेच न्यायला सांग. जन्मसाल आधारवरचं टाक, तिला विचारलंस तर ती मोठा पूर आला त्या साली असं काहीतरी सांगेल. तिला तुझ्या नंबरवर घेतलंस म्हणजे दुसरा डोस, त्याचा मेसेज, सर्टिफिकेट, सगळं तुझ्याकडेच येणार, तिला काहीच कळणार नाही. तेव्हा नंबर बदलू नकोस आणि दुसऱ्या डोसची तारीख तुझ्या फोनात आत्ताच लावून ठेव. हे जमणार असेल तरच नाव टाक, नाहीतर मला सांग, मी माझ्या नंबरवर टाकते, मला राग येणार नाही.

बुक झालं की चार आकड्यांचा सिक्युरिटी कोड येतो, या महिन्यापासून सुरू झालाय. टोचण्याआधी केंद्रावर तो विचारतात. तो स्क्रीनशॉटमध्ये पाठवू नकोस, मला फोनवर सांग. मी प्रत्येकाला मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून देणार आहे, केंद्राचं नाव, वेळ, कोड, आणि नोंद कुणाच्या नंबरवर आहे तो नंबर. काकूंची आणि मावशीआजीची पहिल्या डोसची सर्टिफिकेटंही तू डाऊनलोड करून बघ, नाव आणि साल बरोबर आहे का. चूक असेल तर दुसऱ्या डोसला जाताना तिथल्या माणसाच्या कानावर घालता येईल.

बाकी जायच्या दिवसाचं मी बघते. पोटभर खाऊन जायचं, शुगर-बीपीच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्यायच्या, रक्त पातळ व्हायची गोळी असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं, सुईनंतर अर्धा तास तिथंच बसायचं. आणि ढिल्या बाह्यांचा ब्लाऊज घालायचा, हे कुणी सांगत नाही. मावशीआजीच्या बाह्या दंडाला घट्ट, पहिल्या वेळी बाही वर सरकेना आणि मागे रांग थांबलेली, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंना नि तिला मी दोन ब्लाऊजच्या बाह्या उसवून ठेवल्यात.

काकूंच्या नंबरचं मात्र आजच बघ. चुलतभावाला फोन कर, ओटीपी कधी देऊ शकतो ते विचारून घे, २६ पासून त्यांची मुदत सुरू होते आणि कोव्हॅक्सिन इथं कमीच येते. मावशीआजीला उद्या दहानंतर कर, त्याआधी तिची पूजा असते. अव्वाच्या लेकाचा फोन रात्री आठनंतर लागतो.

तुझी आई