दहा एकराचं भुयार आणि आमचे काकाजी

तीर्थस्वरूप काकाजी,

शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मला एवढंच बोलता आलं, "झालं काकाजी, वर्डना पडला." तुम्ही "शाब्बास बाबू" म्हणाले आणि लगेच विचारलं, "दहावा कागद पुरा केला काय?" त्यावर मला बोलायला सुधरलं नाही. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहून राहिलो, कारण विझार्ड्री हा जुना संगणकावरचा खेळ नव्यानं हाती घेणारी पोरं अजून आहेत, आणि मला तो कोणी शिकवला हे त्यांना कळलं पाहिजे.

मागच्या वर्षी पौषात आपल्या दोघांच्याही वावरात हरभरा होता. घाटे धरायला लागले होते. रोही आणि डुकरं एका रात्रीत धुऱ्याकडचे तास साफ करतात, म्हणून तुमचीही जागल आणि माझीही. मावसभावानं दिलेला जुना लॅपटॉप मी सोबत नेत होतो. नवे खेळ त्याला झेपत नाहीत, पण विझार्ड्री चालायचा. हा खेळ 1981 सालचा. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वूडहेड या दोघा अमेरिकन विद्यार्थ्यांनी तो ॲपल टू संगणकासाठी बनवला. ट्रेबॉर नावाच्या राजाचं ताईत वर्डना नावाच्या जादूगारानं पळवलं आणि तो दहा मजली भुयाराच्या तळाशी जाऊन बसला. आपण सहा जणांची टोळी जमवायची, खाली उतरायचं आणि ताईत परत आणायचं. गोष्ट एवढीच. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकट, तिच्यात रेघांच्या भिंती, बाकी सगळी अक्षरं.

माझी पहिली टोळी अर्ध्या तासात मेली, दुसरी त्याच रात्री. दारू नाही, जुगार नाही, तरी रोज रात्री काही तरी हरून घरी येतो, असं वाटायचं. आणि हा खेळ झालं-गेलं मागे घेऊ देत नाही. जे घडलं ते लगेच डिस्कवर लिहून ठेवतो. मेला तो मेला.

तिसऱ्या रात्री तुम्ही चहाची थर्मास घेऊन माझ्या मचाणाखाली आले. शेकोटीपाशी बसले, पडद्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आता कुठी हाये?"

"भुयारात," मी म्हटलं.

"भुयारात कुठी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुम्ही हसले नाही. "खेळच हाये" असंही म्हणाले नाही. पस्तीस वर्षं भूकरमापक म्हणून ज्यांनी तालुक्याची शिवारं साखळीनं मोजली, त्या माणसानं लॅपटॉपमधल्या भुयाराला वावराइतकाच मान दिला. तुम्ही म्हणाले, "पयले आपन कुठी उभे हाओ थे ठरव. मंग पाय उचल."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आर्वीहून आलेखाचे कागद घेऊन आले. मी सांगितलं की प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा आहे. तुम्ही क्षणभर थांबले आणि म्हणाले, "एक चौकोन म्हंजे एक गुंठा धर. चारशे गुंठे. म्हंजे धा एकर. अबे, हे तर तुह्या बापाच्या वावरापेक्षा थोडं जास्त!" दहा मजले, शंभर एकर. तोवर मला ते भुयार बेबुड वाटत होतं, त्या एका हिशोबानं ते मोजता येईल एवढं झालं. मी सेंटिमीटरला एक चौकोन धरत होतो, तर कागद पुरेना. तुम्ही अर्ध्या सेंटिमीटरला एक गुंठा धरला. दहा बाय दहा सेंटिमीटरमध्ये अख्खा मजला बसला, आणि चारही बाजूंना टिपणं लिहायला जागा उरली.

मग दगड, म्हणजे मोजणी जिथून धरायची ती पक्की खूण. पहिल्या मजल्यावर आपण जिन्यानं उतरतो ती जागा नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आहे, तोंड उत्तरेकडं. तिथं तुम्ही लाल पेननं खूण केली आणि सांगितलं की कितीही आत गेलं तरी माप या दगडाशी येऊन जुळलं पाहिजे. डोळ्यानं पाहिलं ते शाईनं, नुसतं वाटलं ते पेन्सिलीनं. दार दिसलं पण उघडलं नाही, तर तिथं पेन्सिलीची टिंब टिंब रेघ. मी एकदा घाईत एक खोली अंदाजानं शाईनं काढली, तर तुम्ही तो कागद बाजूला ठेवून अख्खा मजला नव्यानं काढायला लावला. तेव्हा राग आला होता. आज तो पहिला बिघडलेला कागदही माझ्याजवळ आहे.

अंधाराच्या पट्ट्याची ती रात्र मी कधी विसरणार नाही. पहिल्याच मजल्यावर एक जागा अशी आहे की आत पाऊल ठेवलं की चौकट पूर्ण काळी. भिंत नाही, दार नाही, काहीच दिसत नाही. मिल्वा मंत्राचा उजेडही तिथं कामाचा नाही. मी परत फिरणार होतो. तुम्ही म्हणाले, "थांब. आंधळा मानूस घरात कसा चालते?" मग आपण एकेक पाऊल टाकत गेलो. भिंतीला धडकलं की पडद्यावर "आउच" असं लिहून येतं. पाऊल पडलं तर मोकळा गुंठा, "आउच" आलं तर त्या बाजूला रेघ. मी कळ दाबायची, तुम्ही कागदावर हात ठेवून ऐकायचं. "गेलो." "गेलो." "आउच." "उजवीकडं वय." "गेलो." पलीकडच्या वावरात कोणी तरी डुकरं हाकलायला डबा वाजवत होतं. पहाटे तीनच्या सुमारास तुम्ही कागद शेकोटीच्या उजेडात धरला, आणि काही न दिसलेल्या त्या जागेचा पूर्ण आकार कागदावर उमटला होता. बोटानं त्या रेघांवरून तुम्ही एकदा फिरून आले. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलं नाही.

गरगर फिरवणाऱ्या चौकोनांनी मात्र आपल्याला दोघांनाही फसवलं. त्यावर पाय पडला की टोळीचं तोंड भलतीकडं वळतं आणि पडद्यावर काही कळत नाही, कारण सगळ्या बोळी सारख्याच. आपण उत्तरेला समजून पूर्वेला चार गुंठे चाललो आणि कागदावर भिंतीवर भिंत चढली. तुम्ही पेन खाली ठेवलं. "माप चुकलं नाही, दिशा चुकली," तुम्ही म्हणाले. तेव्हापासून डुमापिक या मंत्राची किंमत कळली. सुरुवातीला जादूगाराला दोनच मंत्र येतात, हॅलिटो आणि कॅटिनो, एक आगीचा आणि एक झोपेचा. डुमापिक अनुभव वाढल्यावर येतो. त्याचं नाव कळफलकावर अक्षर-अक्षर टाइप केलं की टोळीचं तोंड कुठं आणि जिन्यापासून पूर्वेला किती, उत्तरेला किती, खाली किती, हे सांगतो. मी तो वाया जातो म्हणून टाळत होतो. प्रत्येक वेळी आग फेकायला मंत्र राखून ठेवायचा. तुम्ही नियमच केला, दर खेपेला एक डुमापिक मोजणीसाठी बाजूला. आपली टोळी खोलवर टिकली ती या एका नियमामुळं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

एका मजल्यावर बोळ संपेचना तेव्हाही तुम्हीच ओळखलं. मी वीसच्या पुढं एकवीस, बावीस मोजत होतो. तुम्ही म्हणाले, "कागद वीसचा हाये ना? मंग तू फिरून पयल्यावरच आला." खरंच, पूर्वेची कड ओलांडली की हा खेळ पश्चिमेच्या कडेतून आत घेतो.

आणि पाखऱ्या. टोळीतल्या सहांना मी घरच्या बैलांची नावं दिली होती, हे तुम्हाला पहिल्याच रात्री कळलं होतं. जादूगाराचं नाव पाखऱ्या. आमचा पाखऱ्या लम्पीत गेला होता. दुसऱ्या मजल्यावर सहाही जण एका खोलीत पडले तेव्हा मी लॅपटॉप मिटून टाकला. तुम्ही तो उघडायला लावला नाही. फक्त कागद जवळ ओढला आणि विचारलं, "जिन्यापासून किती गुंठे?" मी सांगितलं. तुम्ही तिथं फुली केली. "जागा मालूम हाये. म्हंजे आनता येते."

खेळात खरंच तसं आहे. पडलेले लोक तिथंच राहतात, दुसरी टोळी जाऊन त्यांना उचलून आणू शकते. पण टोळीत सहापेक्षा जास्त बसत नाहीत. म्हणून मी तीनच नवे लोक तयार केले, पंधरा दिवस पहिल्या मजल्यावर. मर्फीच्या भुतांशी पुन्हा पुन्हा लढलो, कारण ती मारतात कमी आणि अनुभव देतात भरपूर. रात्री सराईत महागडी खोली घेण्याऐवजी तबेल्यात फुकट निजायचं. मंत्र परत मिळतात आणि पात्राचं वयही उगाच वाढत नाही, हे तेव्हाच शिकलो. मग तुमच्या फुलीवर गेलो. तिघं गेलो, शोधाची कळ दाबली, तिघांना घेऊन आलो. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. एकही पाऊल वाकडं पडलं नाही, कारण वाट कागदावर होती.

देवळात पैसे भरून पाच जण उठले. पाखऱ्याची आधी राख झाली, आणि दुसऱ्या प्रयत्नात तोही गेला. यादीतून नावच निघून गेलं. मी गप्प बसलो होतो. तुम्ही खिशातून पेन काढलं, दुसऱ्या मजल्याच्या कागदावर त्या फुलीच्या गुंठ्यात, तुमच्या त्या टिपणातल्या बारीक वळणदार अक्षरात लिहिलं, "पाखऱ्या". अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकोनात तीन अक्षरं बसवली तुम्ही. नंतर चहा ओतला. त्या रात्री मला घरच्यांपेक्षा तुम्ही जवळचे वाटले, काकाजी.

चौथ्या मजल्यावर निळी फीत मिळाली की दुसरी लिफ्ट उघडते आणि ती थेट नवव्यावर नेते. मधले मजले न पाहताही खेळ पुरा होतो. बहुतेक जण तसंच करतात. मी तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला ते अजिबात पटलं नाही. "अर्धं शिवार मोजून नकाशा देते काय कोनी?" मग पाचवा, सहावा, सातवा, आठवा. माघ संपेपर्यंत आपण तेच केलं, हरभरा सोंगायला आला तरी. त्या मजल्यांत टोळी इतकी तयार झाली की नवव्यावर पोचल्यावर मी घाबरलो नाही. सरळ गेलो असतो तर दहावा मजला मला पाहता आला नसता.

तुम्ही ताईकडं नागपूरला गेले ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी, आणि ताई आता तुम्हाला वावरात झोपू देत नाही, ते बरोबरच आहे. या हंगामात तुमच्या वावरात तूर होती, जागलीला दुसराच माणूस. मी एकटा दहाव्यावर उतरलो. एकामागून एक खोल्या, प्रत्येकीत लढाई, जिंकलं की पुढच्या बोळीत आपोआप जाऊन पडायचं. शेवटच्या दारामागं वर्डना आणि त्याच्याबरोबर रक्तपिपासू. दोनदा मागं फिरलो. तिसऱ्यांदा आमच्या जादूगारानं टिल्टोवेट हा सगळ्यात जबर मंत्र टाकला, मोत्या आणि हरण्यानं पुढून दाबलं, आणि तो पडला. ताईत घेऊन राजवाड्यात आलो. पडद्यावर अभिनंदन आलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी थर्मासचं झाकण उघडलं, चहा संपलेला होता.

एक गंमत सांगायची राहिली. वर्डना हे इंग्रजी अक्षरांत उलटं वाचलं तर अँड्र्यू होतं, आणि ट्रेबॉर उलटं वाचलं तर रॉबर्ट. ज्यांनी भुयार बांधलं त्यांनी आपली नावं आतच ठेवली. हे कळलं तेव्हा मला तुमच्या मोजणीच्या नकाशांची आठवण झाली. तिथंही खाली कोपऱ्यात मोजणाऱ्याची सही असते.

आपल्या नऊ कागदांवर तशी सही आहे, तारखेसकट. दहावा कागद मी शाईनं पुरा केला आहे, पेन्सिलीची एकही रेघ उरलेली नाही, सगळं माप दगडाशी जुळतं. खाली उजव्या कोपऱ्यात जागा सोडली आहे. पट्टी उतरली की डॉक्टर हो म्हणतील तेव्हा मी मोटरसायकलनं नागपूरला येतो, कागद आणि तुमचं ते लाल पेन घेऊन. आईनं तुमच्यासाठी तुरीची डाळ बांधून ठेवली आहे.

तुमचा,
धुऱ्यापलीकडचा बाबू