सीट गरम करायचीय तर आधी हे वाच

सोलापूर, 28 डिसेंबर

प्रिय मन्या,

परवा फोनवर आधी म्हणलास, उन्हाळ्यात पारा 43 च्या वर जातो त्या गावात गाडीला गरम होणारी सीट कशाला बे, आणि पाच मिनिटांनी म्हणालास काकूंच्या कमरेसाठी मला पण बसवायचीय, तिकडं पुण्यात एका दुकानदाराला ॲडव्हान्स पण दिलाय. तेव्हापासून माझं मन लागंना. म्हणून सगळं नीट लिहून पाठवलालो. त्या माणसाला तुझ्या गाडीच्या वायरीला हात लावू द्यायच्या आधी हे पूर्ण वाच.

आमच्या अप्पांचं तुला माहितीच आहे. एकतीस वर्षं मागावर उभं राहून काढली, एका वेळी चार-चार माग सांभाळायचे, तार तुटली की वाकायचं, जोडायचं, परत सरळ व्हायचं, दिवसातनं किती वेळा ते देवालाच ठाऊक. आता सकाळी कंबर धरते. डॉक्टर म्हणले शेक द्या, घरी शेकतो, पण गुरुवारी अक्कलकोटला जायचं असतं ना, पहाटे सहाला निघायचं, डिसेंबरची थंडी, चाळीस किलोमीटर बसून गेले की उतरल्यावर दहा मिनिटं दार धरून उभे राहायचे, सरळच होता यायचं नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवून बघितली, वळणावर घसरते. साब नावाच्या स्वीडनच्या कंपनीनं 1972 च्या मॉडेलपासनं गरम सीट दिली होती, तिकडं बर्फ पडतो म्हणून. आपल्याला थंडीसाठी नकोच आहे, कमरेला शेक पाहिजे एवढंच.

मी कारखान्यातल्या विजेच्या मोटारी बघतो, मेंटेनन्समध्ये एवढी वर्षं गेली, तरी पहिल्यांदा वेळ नाही म्हणून गाडी एका ॲक्सेसरीजवाल्याकडं दिली. तिथंच चुकलं. दोन तासात गाडी दिली, सीट मस्त गरम झाली, पैसे दिले. चौथ्या दिवशी तुळजापूरच्या रस्त्याला प्लास्टिक तापल्याचा वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली, डॅशबोर्डखाली हात घातला तर वायर हातात धरवंना, वरचं इन्सुलेशन चिक्कीसारखं मऊ झालेलं. त्यानं काय केलं होतं माहितीय का, स्टिरिओच्या बारीक वायरीला पीळ देऊन टेप गुंडाळलेली, दोन सीटा आणि स्टिरिओ मिळून फ्यूज उडायला लागला असणार म्हणून 15 अँपियरचा काढून 30 चा टाकलेला. मन्या, फ्यूज हा वायर वाचवायला असतो. वायर जेवढं सोसते त्याच्या आत फ्यूज पाहिजे, तो मोठा टाकला की मग वायरच फ्यूज होते, आणि ती वायर कार्पेटखालनं जाते. अप्पा शेजारी बसलेले होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या रविवारी सगळं उचकटून मी स्वतः केलं, आणि एकाच सीटला ठेवलं.

कार्बन फायबरचे पॅड आहेत, एक बसायचा, एक पाठीचा. आधी मीटरनं रेझिस्टन्स बघितला, एका पॅडला 6.3 ओहम. हाय वर दोन्ही पॅरलल लागतात, म्हणजे दोघांना वेगवेगळा पूर्ण सप्लाय, इंजिन चालू असताना 13.9 व्होल्ट होते, क्लॅम्प मीटरवर 4.4 अँपियर, म्हणजे साधारण 60 वॅट. लो वर दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक, जातात म्हणून करंट चौथाई, 1.1. सगळ्या किटमध्ये असंच नसतं, तुझं तू मोजून घे, बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नको. सप्लाय सरळ बॅटरीच्या प्लसवरनं घेतला, 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, आणि फ्यूज बॅटरीपासनं वीतभर अंतरातच, 10 अँपियरचा. लांब डॅशबोर्डजवळ फ्यूज लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली की, बोनेटमध्ये कुठं घासली तर कोण वाचवणार. फायरवॉलमधनं, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातनं, आत आणताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबरी रिंग, घातला, पत्र्याची कड ब्लेडसारखी असते.

मग रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात. 30 ला बॅटरीची वायर, 87 वरनं सीटला, 86 ला इग्निशन चालू असतानाच करंट येतो ती वायर, 85 बॉडी अर्थला. रिलेची कॉइल फार कमी करंट घेते म्हणून इग्निशनच्या वायरीवर लोड येत नाही, आणि चावी काढली की सीट बंद म्हणजे बंद. नाहीतर रात्रभर चालू राहिली तर 35 एएचची बॅटरी सकाळी झोपलेली असते, ते परवडलं, पण बंद गाडीत रात्रभर तापणारी सीट नको. अर्थ घेताना रंग खरवडून चकचकीत पत्रा काढून वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून बोल्ट कसला. पीळ देऊन टेप कुठंच नाही, सगळीकडं थिंबल आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. सीटखाली वायर थोडी सैल ठेव आणि केबल टायनं बांध, सीट पार पुढं, पार मागं करून बघ, रेलमध्ये अडकली तर महिन्याभरात सोलून निघते.

आता सीटचं. हे खरं नाजूक काम आणि दुकानदार यातच घाई करतात. चार बोल्ट काढून सीट बाहेर काढली, अंगणात चादर टाकून त्यावर ठेवली. कव्हर खालनं तारेच्या छोट्या रिंगांनी फोमला आवळलेलं असतं, त्या पकडीनं कापून काढायच्या आणि नव्या टाकायच्या. फोमला मधे आडव्या खाचा असतात, कव्हर तिथं आत ओढलेलं असतं, पॅड त्या खाचेवरनं बळंच ताणायचा नाही. पॅड दुमडला की तेवढ्याच जागी उष्णता कोंडते आणि फोम जळतो. तारेचा पॅड असला तर कात्री लावायचीच नाही, कार्बनचा असला तरी किटच्या कागदावर जिथं कापा म्हणलंय तिथंच.

मी पॅड चिकटवला, कव्हर ओढलं, रिंगा मारल्या, मला सगळं झकास वाटलं. अप्पा चहा घेऊन आले, कप खाली ठेवला, आणि सीटवर तळहात फिरवला. नुसता असा हळू, मागावर कापड तपासताना फिरवायचे तसा. उजव्या बाजूला मांडीपाशी हात थांबला. म्हणले, "इथं सळ पडलीय." मी दाबून बघितलं, मला काहीच लागंना. म्हणले, "आहे रे, दोन बोटं." सगळ्या रिंगा परत काढल्या. पॅडचा कोपरा दोन बोटं आत दुमडला होता, बरोबर तिथंच. मन्या, मला बोलायलाच झालं नाही. मग त्यांनीच खाली बसून कव्हर धरलं, ताण कुठं किती द्यायचा ते सांगत गेले आणि मी रिंगा मारत गेलो. त्या दिवशी कंबर दुखतीय असं एकदाबी म्हणले नाहीत.

तुझ्या गाडीचं वेगळं आहे, ते नीट ऐक. माझ्या 2013 च्या गाडीला एअरबॅगच नाहीत. तुझ्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसंल, तो एअरबॅगचा. आधी बॅटरीचा मायनस काढायचा, काही मिनिटं थांबायचं, मगच तो सोडायचा, आणि तो सुटलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. शेजारच्या सीटमध्ये माणूस बसलाय का ओळखणारा सेन्सरचा मॅट असला तर त्यावर पॅड टाकायचाच नाही. बॅगच्या बाजूची शिवण उसवायची नाही, परत साध्या दोऱ्यानं शिवायची तर अजिबात नाही, बॅग तिथनंच फाटून बाहेर येते. दुकानदाराला हे विचार, त्याला सांगता आलं नाही तर ॲडव्हान्स गेला समज आणि गाडी घेऊन ये. वॉरंटीचं पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घे.

आणि आता काकूंचं, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. काकूंना शुगर आहे, आणि तूच मागं सांगितलं होतंस की चप्पल पायातनं निघाली तरी त्यांना कळत नाही. शुगरनं नसा बधिर झाल्या की चटका पण कळत नाही. आपल्याला सीट जास्त तापली की आपण हलतो, बटण बंद करतो, त्यांना ते कळायचंच नाही. आणि भाजायला फार गरम लागत नाही, 44-45 डिग्रीला तासन्‌तास एकाच जागी टेकून राहिलं तरी कातडी भाजते, पुणे-सोलापूर तर चार-पाच तास आहे. शुगरवाल्याची जखम भरायला किती दिवस लागतात ते तुला सांगायला नको. मी सीटवर चादरीची घडी टाकून आत मीटरचा टेंपरेचर प्रोब ठेवला आणि वर बसलो, हाय वर वीस मिनिटांत 47 दाखवलं, किटचा थर्मोस्टॅट बंदच करंना. अप्पांना शुगर नाही तरी मी पॅडच्या लायनीत सिरीजमध्ये 40 डिग्रीला सप्लाय तोडणारा छोटा थर्मल स्विच टाकला, आणि टायमर पण लावला, दहा मिनिटांनी आपोआप बंद.

पण काकूंसाठी स्विच, टायमर सगळं लावलं तरी माझं मन मानत नाही. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार, नुसतं कमरेचं नको, कातडीला किती कळतं ते तपासून घे. ते नको म्हणले तर विषय सोड, कमरेला चांगली गादीची उशी करून देऊ, आपल्या भवानी पेठेतला कुशनवाला माप घेऊन करून देतो, आणि दर तासाला गाडी थांबवून त्यांना चार पावलं चालव. हो म्हणले तर फक्त पाठीचा पॅड टाकू, खालचा नको, आणि तोही लो वरच. ते काम मी माझ्या हातानं करणार.

गड्ड्याला, सिद्धेश्वरांच्या जत्रेला, येलालास ना? अक्षतेच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी ये, गाडी घेऊनच ये, काकूंना पण आण. थिंबल, स्लीव्ह, रिले माझ्याकडं आहे, तुझ्या किटचा फोटो आणि कागद तेवढा आधी पाठव म्हणजे रिंगा आणि थर्मल स्विच आणून ठेवतो. अप्पांना सांगितलंय, ते म्हणले कव्हर मी धरतो. त्या दुकानदाराला आजच फोन करून थांबव.

तुझाच,
रव्या