आमचं गाव ‘क’ गटात: केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

विदर्भातल्या आमच्या गावाच्या शिवाराला लागून कोळशावरचं वीज केंद्र आहे. आता आणखी दोन संचांचा प्रस्ताव आलाय. जनसुनावणीची नोटीस परवा ग्रामपंचायतीत लागली. ती वाचून घरी आलो तर माय ओसरीवर बसून दम्याचा पंप ओढत होती. म्हणून लिहितो.

डिसेंबर २०१५ मध्ये तुमच्याच मंत्रालयाने अधिसूचना काढली होती. चिमणीतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूला दोन वर्षांत आळा घालायचा, त्यासाठी चुनखडीच्या पाण्याने धूर धुणारी एफजीडी यंत्रणा बसवायची. मुदत सरकत सरकत २०२२ वर गेली, मग २०२४ वर. आम्ही वाट पाहिली. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना तुम्ही यातून मोकळंच केलंत!

सक्ती कुणाला, तर दहा लाख वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना. ती ‘अ’ गटात. आम्ही ‘क’ गटात, म्हणजे मोकळं सोडलेल्यांत. साहेब, आमच्या गावात साडेतीन हजार माणसं आहेत. दहा लाख कुठून आणू?

आपल्या कोळशात गंधक कमी, चिमण्या उंच, धूर दूर निघून जातो, असं सांगता. दूर म्हणजे कुठे? तिथेही कुणाचं तरी वावर असणारच. त्या वायूचे हवेत बारीक कण होतात आणि ते फुप्फुसात उतरतात, हे तुमच्या तज्ज्ञांना मी सांगायला हवं का?

राखेचं तर वेगळंच. वेचणीला गेलं की बोटं काळी होतात. व्यापारी कापूस हातात घेतो, चोळतो आणि भाव पाडतो. मायने छतावर वाळवण घालणं कधीच सोडलं. आमची जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी म्हणाले होते. माझा धाकटा भाऊ आज कंत्राटदाराकडे रोजीवर राख उपसतो.

आमच्यासारखंच अमेरिकेतही घडलं होतं. तिथे न्यू मेक्सिकोमध्ये नावाहो आदिवासींच्या भूमीवर ‘डेझर्ट रॉक’ हे १,५०० मेगावॅटचं केंद्र येणार होतं. जवळच दोन मोठी केंद्रं आधीपासून धूर ओकत होती, तरी नावाहोंच्या हजारो घरांत वीज पोचलेली नव्हती. नव्या केंद्राची वीजही लांबच्या शहरांसाठीच होती. प्रकल्पात त्यांचंच आदिवासी सरकार भागीदार, म्हणजे भांडण घरातल्यांशी. डिसेंबर २००६ मध्ये म्हाताऱ्या बायांनी कडाक्याच्या थंडीत शेकोटी पेटवून रस्त्यावर ठाण मांडलं. ‘डूडा’ म्हणाल्या, म्हणजे ‘नाही’. २००८ मध्ये दिलेला धूर सोडण्याचा परवाना अमेरिकी सरकारने पुढच्याच वर्षी फेरतपासणीला परत घेतला. ते केंद्र उभं राहिलं नाही.

आमच्याकडे मागच्या सुनावणीत बंदोबस्त माणसांपेक्षा जास्त होता. प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा जाडजूड अहवाल इंग्रजीत, मराठीत नुसता सारांश. मी बोलायला उभा राहिलो आणि तिसऱ्या मिनिटाला माइक काढून घेतला. मत मोजताना आमचं एक मत शहरातल्या मताएवढंच धरता, मग श्वास मोजतानाच आम्ही कमी का पडतो?

पूर्ण अहवाल मराठीत द्या. जुन्या संचांना एफजीडी बसवा आणि गावाची आरोग्य तपासणी करा. तोवर नव्या संचांचं नाव काढू नका.

सुनावणीला माय येणार म्हणते. तिचा माइक काढून घेऊ नका. तिला मधे मधे थांबून दम घ्यावा लागतो.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी