अमेरिकेतले समाजकार्याचे प्राध्यापक मायकेल शेराडन यांना आभाराचं पत्र

आदरणीय प्राध्यापक शेराडन,
सप्रेम नमस्कार.

गरिबाला महिना ढकलण्यापुरती मदत मिळते, पण मालकीचं काही उभं करायला कोणी हात देत नाही, हे तुम्ही १९९१ साली ठामपणे मांडलंत. कुटुंब जितकं साठवेल त्यात सरकार किंवा देणगीदार आपले पैसे, म्हणजे भर, घालतील असं खातं सुचवलंत. अशी खाती चालवणारे आम्ही सारे त्याबद्दल तुमचे ऋणी आहोत.

उदाहरणार्थ, कुटुंबाने महिना २५ डॉलर, २४ महिने साठवले, म्हणजे ६००. एकास दोन, म्हणजे दर डॉलरमागे दोन डॉलर, भर पडली की १,८००. पण भरीचे १,२०० खातेदाराच्या हाती येत नाहीत. ते वेगळे ठेवले जातात आणि चेक थेट घर विकणाऱ्याच्या, कॉलेजच्या किंवा यंत्र पुरवणाऱ्याच्या नावाने निघतो. १९९८ च्या अमेरिकी कायद्याने पहिलं घर, उच्च शिक्षण आणि छोटा धंदा हे ही रक्कम वापरण्याचे मुख्य हेतू ठरवले. त्या कायद्यानुसार पहिल्या भरण्यानंतर ६ महिने पैसे काढता येत नाहीत. पुढे आजारपण आलं किंवा राहतं घर जायची वेळ आली, तर स्वतःची रक्कम काढायची मुभा आहे. मात्र ती १२ महिन्यांत परत भरली नाही तर भर हातची जाते. घोटाळा होतो तो इथेच. पैसे घेताना माणूस अडचणीत असतो, ही मुदत त्याच्या डोक्यात राहत नाही. पैसे देतानाच परतफेडीची तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला हवी.

१९९७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या, अशाच खात्यांच्या तुमच्या प्रयोगातली एक गोष्ट आम्हाला फार उपयोगी पडली. एकास दोनऐवजी एकास तीन भर दिली म्हणून लोक जास्त साठवतातच असं नाही. किती रकमेपर्यंत भर मिळेल ती मर्यादा वाढवली, तर मात्र बचत वाढते, कारण लोक मर्यादेलाच आपलं उद्दिष्ट मानतात. निधी तुटपुंजा असेल तेव्हा हे माहीत असणं फार मोलाचं. पगारातून परस्पर कपात झाली तर हप्ते चुकण्याची शक्यताही कमी होते.

१९९८ च्या कायद्याखालचा अमेरिकी केंद्र सरकारचा निधी २०१७ मध्ये थांबला, तरी राज्यं आणि देणगीदार यांच्या बळावर काही कार्यक्रम चालू आहेत.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून आभार. अर्ज, कागदपत्रं, खेपा यांतच सगळ्यात गरजू घरं गळतात, हे ओळखून २००७ साली अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या प्रयोगात तुम्ही निवडलेल्या नवजात बाळांच्या नावे १,००० डॉलर आपोआप जमा केलेत. आई-वडिलांना अर्जच करावा लागला नाही.

आपले कृतज्ञ,
बचत खात्यांचं काम करणारे कार्यकर्ते