अलास्काची अस्वलं पाहायला निघण्याआधी

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीतला अलास्कामधल्या अस्वलदर्शनावरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख होती आणि लेखकाचा आनंदही खरा होता. पण तो वाचून जे वाचक पुढच्या उन्हाळ्याचं आरक्षण करतील, त्यांनी निघण्याआधी काय तयारी करायची याबद्दल लेखात अवाक्षर नाही. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. मुलगी अलास्कातल्या अँकरेज शहरात असते, त्यामुळे लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानातल्या क्रेसेंट तलावाची एका दिवसाची सहल मला दुखरा गुडघा सांभाळत करता आली. या सहलीची तयारी घरीच, आणि नीट समजून करावी लागते. म्हणून हे पत्र.

या उद्यानात जायला रस्ता नाही. अँकरेजच्या लेक हूड या तलावावरून पाण्यावर उतरणारं छोटं विमान सुटतं, कुक इनलेटची खाडी ओलांडतं आणि तासाभरात डोंगरांमधल्या तलावात उतरतं. पुढचा दिवस होडीत जातो. आरक्षण करतानाच प्रत्येकाचं वजन विचारतात, तेही कपडे, बूट आणि पिशवीसकट. आमच्याकडच्या एका प्रवासी एजंटाने बायकांना सांगून टाकलं होतं, ‘अंदाजे सांगा, कोण मोजतंय!’ असा सल्ला कुणीही ऐकू नये. सहा-सात माणसांच्या विमानात कोण कुठे बसणार, इंधन किती भरायचं, सामान किती घ्यायचं हे सगळं त्या आकड्यांवर ठरतं. आमच्या गटातल्या एका गृहस्थांचं वजन धक्क्यावरच्या काट्यावर सांगितल्यापेक्षा बरंच जास्त भरलं आणि त्यांची कॅमेऱ्याची मोठी बॅग तिथेच ठेवावी लागली. घरच्या काट्यावर पूर्ण पोशाखात उभं राहून आलेला आकडा कळवावा, त्यात लाज कसली?

उड्डाणाआधी वैमानिक सुरक्षेच्या सूचना देतो, त्या इंग्रजीत आणि भराभर. सोबत इंग्रजी न समजणारे आई-वडील असतील, तर मुलांनी आदल्या रात्रीच त्यांना दोन गोष्टी समजावून द्याव्यात. एक, विमान पाण्यात उलटलं तर लाइफ जॅकेट आत असताना फुगवायचं नाही, आधी दारातून बाहेर पडायचं. आतच फुगवलं तर पाणी भरलेल्या केबिनमध्ये ते माणसाला वर ढकलतं आणि दारापर्यंत खाली वाकता येत नाही. दुसरी, पंखा पूर्ण थांबेपर्यंत विमानाच्या पुढच्या बाजूला पाऊलही टाकायचं नाही. हे ऐकून म्हातारी माणसं घाबरतील असं काहींना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. काय करायचं ते ठाऊक असलं की हातपाय गळत नाहीत.

विमान ज्यांवर पाण्यात तरंगतं त्या फ्लोटवरून होडीत उतरताना पायऱ्या अरुंद आणि ओल्या असतात. रबरी तळाचे, पकड असलेले बूट हवेत. सुती कपडे, विशेषतः जीन्स, घरीच ठेवावेत. सुती कापड भिजलं की अंगाची ऊब ओढून घेतं आणि दिवसभर वाळत नाही. लोकर किंवा सिंथेटिकचे थरावर थर, वर पावसाचा कोट आणि पावसाची पँटही हवी. छोट्या विमानात शौचालय नसतं, होडीतही ते गृहीत धरू नये. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी ती कधी घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारून निघावं. मळमळीची गोळीही त्यांनाच विचारून, पण विमानात बसण्याआधी घ्यावी.

आता खाण्याविषयी. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चव लागली की माणूस दिसला म्हणजे अन्न मिळणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मग ते होड्यांकडे, पिशव्यांकडे येऊ लागतं आणि शेवटी माणसांच्या सुरक्षेसाठी त्याला गोळी घालण्याची वेळ येऊ शकते. आपल्या हातून सांडलेल्या घासाची किंमत त्या जनावराने जिवाने मोजायची, हे मला सहनच होत नाही. दक्षिणेकडच्या कॅटमाई उद्यानातल्या ब्रुक्स कॅम्पला उतरल्या उतरल्या प्रत्येक पाहुण्याला अस्वलांविषयीचा छोटा वर्ग सक्तीचा आहे. तिथे अस्वलापासून ५० यार्डांच्या आत जायला मनाई आहे आणि धबधब्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर खायला बंदी. क्रेसेंट तलावावर आम्ही वाटाड्याने सांगितलं तिथेच आणि तेव्हाच खाल्लं. वासाचे पदार्थ, सुगंधी क्रीम, अत्तर यातलं काही नेऊच नये. अस्वलांसाठीचा तिखट फवारा विकत घेऊन प्रवासी विमानात नेण्याच्या भानगडीतही पडू नये. तो हातातल्या बॅगेत चालत नाही आणि चेक-इन सामानातही नाही.

होडीतली शांतता ही नुसती शिष्टाचाराची बाब नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सॉकाय सॅमन मासे तलावात आणि ओढ्यांच्या मुखाशी गर्दी करतात, म्हणून अस्वलं तिथे येतात. हिवाळ्याच्या झोपेत त्यांचं वजन एक तृतीयांशापर्यंत घटू शकतं. तेवढी चरबी त्यांना याच थोड्या आठवड्यांत साठवायची असते. मादीचं तर आणखी नाजूक आहे. समागम उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतो, पण गर्भ तेव्हा रुजत नाही. शरदाच्या अखेरीस, अंगावर पुरेशी चरबी असेल तरच तो रुजतो, नाही तर गर्भधारणाच होत नाही. आमच्या समोर एक मादी गुडघाभर पाण्यात मासा हेरत उभी होती. शेजारच्या होडीतले दोघे सेल्फीसाठी उभे राहिले, मोठ्याने हसले. तिने मान वळवली आणि ती झाडीत निघून गेली. मासा तिथेच राहिला. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण सोबत असेल तर उभं राहण्याची, जवळ जाण्याचा आग्रह धरण्याची गरजच पडत नाही. मी तर सांगेन की कॅमेऱ्यापेक्षा आधी दुर्बिणीवर खर्च करा आणि ती घरी डोळ्याला लावून सवय करून घ्या.

हवामानाबद्दल थोडं. जाताना खिडकीतून रिडाउट ज्वालामुखी दिसला. १५ डिसेंबर १९८९ रोजी याच्याच राखेत ॲमस्टरडॅमहून आलेल्या जंबोजेटची चारही इंजिनं बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली आणि विमान अँकरेजला सुखरूप उतरलं. वर्गात मी हे अनेकदा सांगितलं असेल, पण तो पर्वत प्रत्यक्ष पाहताना अंगावर काटा आला. रोजचा अडथळा मात्र राखेचा नसतो, धुक्याचा आणि खाली आलेल्या ढगांचा असतो. ही विमानं डोळ्यांना दिसेल त्यावर चालतात. तलावाऐवजी समुद्रकिनाऱ्यावर अस्वलं दाखवणाऱ्या सहलीत चाकांचं विमान वाळूवरच उतरतं, तिथे भरती-ओहोटीचंही वेळापत्रक पाळावं लागतं. तेव्हा सहलीनंतरचा किमान एक दिवस मोकळा ठेवा, त्याच संध्याकाळी परतीचं विमान मुळीच घेऊ नका. आरक्षण करतानाच उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का, हे लेखी विचारून घ्या. धक्क्यावरच्या खोलीत एक कुटुंब ‘आम्ही एवढ्या लांबून आलोय’ म्हणत वैमानिकाशी हुज्जत घालताना मी पाहिलं. वैमानिक नाही म्हणाला की विषय तिथे संपायला हवा. त्याच्यावर दबाव आणणं म्हणजे स्वतःबरोबर इतरांचाही जीव पणाला लावणं आहे.

आपल्याला माझी विनंती एवढीच की यापुढे अशा लेखाशेजारी एक छोटी चौकट द्यावी. त्यात पोशाखासकट वजन, बूट व कपडे, औषधं, खाण्याचे नियम आणि मोकळा दिवस एवढं असलं तरी पुरे. जागा कमी पडली तर एखादं छायाचित्र कमी करावं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका