नदीकाठच्या खोलीबद्दल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल जेवताना माझा आवाज चढला. तू अर्धं ताट टाकून उठलीस, ते रात्रभर डोळ्यांपुढून हललं नाही. समोर बसलो की पुन्हा तेच होईल, म्हणून लिहितोय.

रटगर्सला गेल्यावर नदीकाठचं हार्डनबर्ग हॉस्टेल घ्यायचं की बुश कॅम्पसवर राहायचं, ते तूच ठरव. माझं म्हणणं एवढंच होतं की इंजिनिअरिंगच्या इमारती बुशवर असताना रॅरिटन नदीच्या पलीकडे राहून रोज बस कशाला? जानेवारीत बर्फात थांब्यावर उभं राहायचं, त्या गार हवेत तुझी छाती भरते... बघ, बसवरून सुरुवात केली आणि आलो तिथेच. दम्याचं नाव काढणार नाही, असं आईला कबूल केलं होतं.

रटगर्सचं पत्र आलं त्या दिवशी विट्याला फोन लावला, तर मला धड बोलता येईना. आजीला म्हटलं, १७६६ सालचं कॉलेज आहे, पानिपतानंतर पाच वर्षांनी निघालेलं. ती म्हणाली, "म्हणजे थोरल्या माधवरावांच्या वेळचं!" आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला सांगून आली.

रियाबरोबर राहायचं नाही, अनोळखी मुलगीच हवी, हा तुझा हट्ट मला कळत नाही. रियाला तुझा पंप बॅगेच्या कुठल्या कप्प्यात असतो ते माहीत आहे.

मी १९९२ साली सांगलीला हॉस्टेलवर गेलो तेव्हा निवडायचा प्रश्नच नव्हता. रेक्टरांनी वहीत नाव शोधलं, खोलीचा नंबर सांगितला, संपलं. एसटी चुकेल म्हणून अप्पा ट्रंक ठेवून लगेच निघाले. माझा पार्टनर जतकडचा, घरी कानडी बोलणारा. पहिले आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललोही नाही. दिवाळीच्या आधी मला टायफॉइड झाला. त्याने मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, मी पडू नये म्हणून माझे हात स्वतःच्या पोटाभोवती पंचाने बांधून घेतले आणि मिरजेपर्यंत सायकल मारली. पत्र पोचून अप्पा येईपर्यंत पाच दिवस गेले. तोवर रोज पेज घेऊन तोच यायचा.

हे सांगायला बसलो होतो ते तू अनोळखी कुणाबरोबर राहू नयेस म्हणून. लिहिता लिहिता उलटंच झालं.

तरी एक ऐक. पहिल्याच दिवशी त्या मुलीला सांग. पंप कुठे आहे ते दाखव, किती वेळा मारायचा, कधी ९११ला फोन करायचा, सगळं. ऑगस्टच्या मध्यापासून रॅगवीडचे परागकण सुरू होतात आणि तुझे दोन्ही मोठे झटके सप्टेंबरातलेच. आठवीच्या कॅम्पला तू बाथरूममध्ये नळ सोडून खोकत होतीस, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला भीती आहे ती त्या नळाची. दम्यात लाजण्यासारखं काय आहे? कितीदा सांगितलं तुला, पण तू...

चुकलं. पुन्हा सुरू झालो. अठरा वर्षांची झालीस, स्वतःची औषधं स्वतः आणतेस, हे मी बघतो. दिसतं मला.

गादीला घालायचं धूळ न शिरणारं कव्हर आणून ठेवलंय. तिथल्या गाद्या ८० इंची, आपल्या घरच्या ट्विनपेक्षा पाच इंच लांब, हे दुकानात तिसऱ्या खेपेला कळलं. आई म्हणते, एडिसनपासून वीस मिनिटांवर तर आहे, इतकं काय. वीस मिनिटं मी मोजून बघितलीत. रात्री अठरा लागतात.

शुक्रवारपर्यंत फॉर्म भर. हार्डनबर्ग लिही, मी काही म्हणणार नाही. जमलं तर खालचा मजला माग. नको, राहू दे.

तुझा,
बाबा

ता. क. निळ्या बॅगेतल्या पंपाची तारीख बघ. मला वाटतं जुलैत संपते.