जुना संगणक इतक्यात पुसू नका

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

नवा संगणक आला असून जुना लगेच कुणाला तरी देऊन टाकायचा बाबांचा विचार आहे, असे आईने फोनवर सांगितले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती एकच आहे: नव्या संगणकावर महत्त्वाची प्रत्येक गोष्ट स्वतः उघडून पाहिल्याशिवाय जुन्यातले काहीही पुसू नका. फायली इकडून तिकडे नेणे अवघड नाही. कोणती फाइल कुठे पडली आहे हे शोधण्यात आणि ती नीट पोहोचली याची खात्री करण्यात खरा वेळ जातो.

चालता संगणक बदलायचा कशाला, हा बाबांचा प्रश्न रास्त होता. पण त्यावर विंडोज १० आहे आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. यंत्र पुढेही चालेल, मात्र बँकेची कामे ज्यावर होतात तो संगणक सुरक्षेच्या अपडेट्सशिवाय वापरावा, असे मला वाटत नाही.

तुमच्या बहुतेक फायली सी ड्राइव्हमधल्या यूझर्स या फोल्डरात, तुमच्या नावाखाली मिळतील. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर तिथेच असतात. डी ड्राइव्ह असेल तर तोही पाहा, कारण संगणक फॉरमॅट करावा लागला तर फायली वाचाव्यात म्हणून पुष्कळ जण त्या तिकडे ठेवतात. एखाद्या फाइलीपुढे ढगाचे चिन्ह दिसले, तर ती डिस्कवर नसून वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात आहे. ती आधी उतरवून घ्यावी लागेल. आता निवडत बसू नका, सगळे न्या. आवराआवर नंतर नव्या संगणकावर निवांत होईल. प्रोग्राम मात्र असे कॉपी होत नाहीत, ते नव्याने इन्स्टॉल करावे लागतात.

मी पाठवलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क वापरा आणि प्रत्येक वेळी 'कट' न करता 'कॉपी'च करा. पेन ड्राइव्हवर मोठा व्हिडिओ जात नसेल, तर जागा असूनही तसे होऊ शकते, कारण फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फायलींची संख्या आणि 'साइझ' जुळते का ते पाहा. शेजारचा 'साइझ ऑन डिस्क'चा आकडा वेगळा आला तरी काळजी करू नका. फोटोंपुढे 'डेट क्रिएटेड' म्हणून कॉपी केल्याचा दिवस दिसेल. कॅमेऱ्याने फोटोत नोंदवलेली तारीख त्याने बदलत नाही.

आता बाबांच्या आठवणींच्या लेखनाविषयी, ज्याची मला सर्वांत जास्त काळजी आहे. ते लेखन युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहे. अशा फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठवतो आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे दाखवतो. त्यामुळे नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर फाइल उघडेल, पण मराठी परिच्छेदांऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची गिचमीड दिसेल. बाबा, तसे दिसले तर घाबरून काही पुसू नका; मजकूर शाबूत असतो. जुन्या संगणकावरच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्स या फोल्डरातून तो फॉन्ट कॉपी करा आणि नव्यावर इन्स्टॉल करा.

तेवढ्यावर मात्र थांबू नये. जुना संगणक चालू आहे तोवरच त्यावर प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सामावलेला राहतो, म्हणून ती कुठेही वाचता येते. तरी तुमच्या फोनवर एकदा उघडून खात्री करून घ्या. नंतर मी कन्व्हर्टर वापरून मूळ मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणीन, म्हणजे त्यात शब्दही शोधता येतील. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचाही क्रम बदलतो. त्यामुळे कन्व्हर्टर नेमके याच ठिकाणी चुकतात, आणि प्रत्येक पान पीडीएफशी ताडून वाचणे भाग आहे. ते वाचन बाबांनीच करावे, अशी माझी इच्छा आहे, कारण आपल्या माणसांची आणि गावांची नावे त्यांच्याइतकी अचूक कुणालाच ठाऊक नाहीत.

आई, आजीच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे तू कोणत्या फोल्डरात ठेवली आहेस ते आठवून पाहा, आणि नव्या संगणकावर प्रत्येक मुद्रण शेवटपर्यंत ऐक. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला नीट वाजते आणि मध्येच तुटते, म्हणून नुसती सुरुवात ऐकून चालणार नाही. या मुद्रणांची आणि बाबांच्या लेखनाची एक प्रत माझ्याकडेही पाठवा; सगळ्या प्रती एकाच घरात असू नयेत.

नव्या संगणकावर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय, चालू असेल, तर ते कुलूप अडले असता उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. जुना संगणक दोन-तीन महिने तसाच राहू द्या, कारण काय राहिले ते वापरायला लागल्यावरच कळते. त्यानंतर तो द्यायचा झाला, तर नुसते डिलीट केलेले परत मिळवता येते, म्हणून 'रीसेट धिस पीसी'मधून सर्व काही काढण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडावा लागेल. ते काम मी आल्यावर आपण एकत्र बसून करू.

तुमची लाडकी लेक